पीएचपीमध्ये लॉगिन न केलेल्या व्यक्तीला दुसऱ्या पानावर पाठवताना लोकेशन हेडरनंतर एक्झिट (स्क्रिप्ट तिथेच थांबवणारा आदेश) लिहिणे खरेच आवश्यक आहे का? आणि या रीडायरेक्टसाठी ३०१ (कायमचा बदल) हा स्टेटस कोड वापरावा की ३०२ (तात्पुरता)?

एक्झिट आवश्यकच आहे. त्याला ऐच्छिक म्हणणारे अनुभवी लोकही मला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे चुकीचे आहे. लोकेशन हेडर ही ब्राउझरला दिलेली केवळ सूचना असते. तिच्यामुळे सर्व्हरवर चाललेली स्क्रिप्ट थांबत नाही.

एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाचे काम आमच्याकडे आले होते. सभासदांच्या यादीच्या पानावर सुरुवातीलाच सेशन (लॉगिनची सर्व्हरवरची नोंद) तपासले जात होते आणि लॉगिन नसल्यास हेडरने लॉगिनच्या पानाकडे पाठवले जात होते. मात्र पुढे एक्झिट नव्हते. मी ते दाखवून दिले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी ब्राउझर पान बदलतो एवढ्यावर विषय संपवला. मी लॉगिन न करता तेच पान कर्लने, म्हणजे ब्राउझरशिवाय पान मागवणाऱ्या कमांड-लाइन साधनाने, मागवले. कर्ल सांगितल्याशिवाय रीडायरेक्टच्या मागे जात नाही, त्यामुळे वर ३०२ आणि लोकेशनची ओळ, आणि त्याखाली सर्व सभासदांची नावे, दूरध्वनी क्रमांक व थकबाकी असा मजकूर समोर आला. नोंद काढून टाकण्याच्या पानाची रचनाही तशीच होती, म्हणजे कोणाही अनोळखी माणसाच्या विनंतीवर नोंद आधी पुसली जाणार आणि मग त्याला लॉगिन करायला सांगितले जाणार. एवढे पाहूनही ‘कर्ल चालवणारा सभासद कोण आहे?’ असा प्रश्न मला विचारण्यात आला आणि उपाय म्हणून पानात जावास्क्रिप्टचे आणखी एक रीडायरेक्ट घालण्यात आले. जावास्क्रिप्ट न चालवणाऱ्याला त्याने काय अडवणार? ज्यांच्या कर्जाची माहिती उघडी पडली होती, त्यांच्या बाजूने त्या बैठकीत कोणी बोलले नाही, याचा मला आजही राग येतो.

लॉगिनसाठी ३०२ योग्य आहे. लोकेशन दिल्यावर पीएचपी सहसा तोच पाठवते. ३०१ ब्राउझर साठवून ठेवू शकतो, त्यामुळे लॉगिन झाल्यावरही माणूस पुन्हा लॉगिनच्याच पानावर जाऊन पडण्याची शक्यता असते. पानाचा पत्ता कायमचा बदलला असेल तरच ३०१ द्यावा.

तुमच्या संकेतस्थळावरचे प्रत्येक संरक्षित पान लॉगिन न करता कर्लने मागवून पाहा आणि एक्झिट अनावश्यक म्हणणाऱ्याला त्याचा निकाल वाचायला द्या. लॅराव्हेलसारख्या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये (संकेतस्थळासाठीच्या तयार सांगाड्यात) मात्र एक्झिट लिहायचे नसते. तेथे रीडायरेक्टचा प्रतिसाद रिटर्न करावा लागतो, आणि तो रिटर्न विसरला तर पुढचा कोड तसाच चालतो. तसेच हेडरच्या आधी एखादी रिकामी ओळ किंवा फाइलच्या आरंभीचा बीओएम (डोळ्यांना न दिसणारी खूण) बाहेर गेला, तर हेडर जाऊ शकत नाही. अशा वेळी पान बदलत नाही, पण एक्झिट असल्यास निदान यादी तरी बाहेर जात नाही.