बिनलेबलचे एसएफपी, पोरांचे डोळे आणि कागदपत्रं

चोपड्याच्या भाऊंनी विचारलंय की स्वस्तात एसएफपी (स्वीचमध्ये घालायचे, फायबरमध्ये लेसरचा लाईट सोडणारे छोटे मॉड्यूल) घेतले, अंगावर लेबल नाही, डब्यावर नुसतं सीई (युरोपचा सुरक्षेचा शिक्का) छापलंय, आणि कामावरची पोरं पिगटेल (कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा) डोळ्याला लावून लाईट येतोय का बघतात, तर काही होईल का आणि उद्या कोणी कागद मागितले तर काय दाखवायचं.

आधी डोळ्याचं. "लाईट येई राहिना का" म्हणत फायबरमध्ये डोकावणं हेच मुळात बिनकामाचं आहे, कारण १३१०, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा लाईट माणसाला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी पण मिटत नाही. १३१० चा थोडा भाग आत पडद्यापर्यंत जातो, १४०० च्या पुढचा डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पापुद्र्यातच शोषला जातो, पण पॉवर जास्त असेल तर तो पापुद्रा पण भाजतोच ना. त्यामुळे पॉवर मीटर लावायचा, डोळा नाही, विषय संपला.

आता किती पॉवर कुठे असते ते बघा. १० किमीवाल्या एक जी (१ गिगाबिट) एलएक्स मॉड्यूलची पॉवर जास्तीत जास्त मायनस ३ डीबीएम (पॉवरचं माप, ० म्हणजे १ मिलीवॅट), म्हणजे अर्धा मिलीवॅट. जीपॉन ओएलटीचा (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देणारं ऑफिसातलं मशीन) सी प्लस पोर्ट ३ ते ७ डीबीएम, म्हणजे २ ते ५ मिलीवॅट. पाटाचं पाणी चाऱ्यांमध्ये वाटत गेलं की शेवटच्या शेताला जेवढं मिळतं तसं स्प्लिटर (लाईट वाटणारा डबा) नंतर होतं, गिऱ्हाईकाच्या घरी मायनस २० आलं तर तो मिलीवॅटचा शंभरावा भाग. वर सिंगल मोडमधून लाईट सरळ रेषेत येत नाही, पसरतो, तोंडापासून १० सेंटीमीटरवर जवळपास दोन सेंटीमीटरचा गोल होतो आणि डोळ्याची बाहुली पूर्ण उघडली तरी ७ मिलिमीटर. म्हणून हे सगळं क्लास १, म्हणजे लेसरच्या सगळ्यात सुरक्षित वर्गात बसतं. पण हातातला मायक्रोस्कोप लावून चालू फायबरचं तोंड बघितलं तर तो पसरलेला लाईट परत गोळा होऊन डोळ्यात जातो, तेव्हा हा सगळा हिशोब बाद. स्क्रीनवाला स्कोप घ्या.

मला एसएफपीपेक्षा दोन वस्तूंची जास्त भीती वाटते. एक म्हणजे केबल टीव्हीचा ईडीएफए, म्हणजे फायबरमधला लाईट वाढवणारा अँप्लिफायर. आपल्याकडे बरेच जण जुने केबलवाले, त्याच फायबरवर १५५० चढवून टीव्ही आणि नेट एकत्र देतात. १५५० ला क्लास १ ची हद्द साधारण १० मिलीवॅट, आणि ईडीएफएचा एक पोर्ट १९ डीबीएमचा असेल तर ८० मिलीवॅट, २२ चा असेल तर १६० च्या आसपास. तिथे कनेक्टर काढायच्या आधी पॉवर बंद करायची, आणि चालूवर घाण कनेक्टर जोडला तर फायबरचं तोंडच जळतं. दुसरी वस्तू म्हणजे पोरांच्या खिशातला, फायबर कुठे तुटलंय ते बघायचा लाल लाईटचा पेन. १ मिलीवॅटचा असेल तर ठीक, पण सगळे ३० मिलीवॅटचाच मागतात "लांबपर्यंत दिसतो" म्हणून, आणि तो लाल लाईट सरळ डोळ्याच्या पडद्यावर जातो, ५ मिलीवॅटच्या वर गेला की क्लास ३बी, म्हणजे सरळ बघितलं तर डोळ्याला धोका. म्हणजे बॅगेतली सगळ्यात डेंजर वस्तू स्वस्तातली आणि तिच्यावर कोणीच लेबल शोधत नाही.

मग एसएफपीला लेबल कशाला? क्लास १ म्हणजे फक्त "पॉवर कमी आहे" असं नाही. आयईसी ६०८२५-१ (लेसर सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) प्रमाणे आत एखादा पार्ट फेल झाला तरी पॉवर हद्दीच्या वर जायला नको. मॉड्यूलमध्ये लेसरवर नजर ठेवणारा एक मॉनिटर डायोड असतो, पॉवर पडली की करंट वाढवतो, जास्त झाली की कमी करतो, आणि बिघाड झाला की टीएक्स (लाईट सोडणारी बाजू) फॉल्ट देऊन लेसर बंद करायचा असतो. स्वस्त मालात काटछाट नेमकी इथेच व्हायची शक्यता, आणि रोजच्या वापरात ती दिसत नाही. एखादा ओएनयू (गिऱ्हाईकाच्या घरचा डबा) बिघडून सतत लाईट मारत बसतो आणि त्या पॉन पोर्टवरची सगळी गिऱ्हाईकं बंद पडतात, हे बघितलंय ना सगळ्यांनी? बिघाड झाल्यावर गप्प बसत नाही तो असा. त्यात आपलं ऊन, भुसावळ-जळगावला मे मध्ये पारा ४५ च्या पुढे, गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत स्वीच ठेवला तर साधा ० ते ७० डिग्रीवाला मॉड्यूल हद्दीवरच चालतो, गरम झाला की करंट वाढवत राहतो. पेटीत असेल तर मायनस ४० ते ८५ वालाच घ्या, महाग पडला तरी.

कागदांचं थोडक्यात. सीई हा कंपनी स्वतःच छापते, त्यामुळे नुसत्या त्या शिक्क्यावर भरवसा नको, मागचा टेस्ट रिपोर्ट मागा. अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीला एफडीएकडे (तिथलं सरकारी खातं) रिपोर्ट भरावा लागतो आणि लेबलवर किंवा डेटाशीटमध्ये २१ सीएफआर १०४०.१० आणि लेसर नोटीस ५६ (२०१९ ची) असा उल्लेख असतो, जुन्या मालावर ५० दिसेल. एसएफपी एवढासा असतो, सगळं त्याच्यावर मावत नाही, डेटाशीटमध्ये असलं तरी चालतं. आपल्याकडे आयईसी ६०८२५ हेच आयएस १४६२४ म्हणून घेतलंय, आणि ओएलटी-ओएनटी (ओएनटी म्हणजे घरचा डबाच) टीईसी या सरकारी टेलिकॉम संस्थेच्या एमटीसीटीईमध्ये, म्हणजे सक्तीच्या टेस्टिंग-सर्टिफिकेटमध्ये येतात. ते सर्टिफिकेट कंपनीने किंवा इम्पोर्टरने काढायचं, तुम्ही नाही, पण सप्लायरकडून मॉडेल नंबरसकट कॉपी घेऊन बिलासोबत फाईलला लावा. "सगळे असंच घेतात" म्हणणाऱ्या सप्लायरकडून माल घेऊ नका.

घेतलेले मॉड्यूल लगेच फेकायची गरज नाही. मीटरवर टीएक्स पॉवर मोजा, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी पेटी तापल्यावर, सोबत स्वीचमध्ये डीडीएमचा (मॉड्यूल स्वतःच सांगतो ते आकडे) बायस करंट, म्हणजे लेसरला जाणारा करंट, पण बघा. डेटाशीटच्या रेंजच्या वर गेला तो काढून टाका, आणि डीडीएम एक सांगतो, मीटर भलतंच सांगतो असा असेल तर तोही. पेनाचं मात्र आजच बघा, किती मिलीवॅटचा आहे ते आणि मॉड्यूलचे आकडे दोन्ही कळवा, मग पुढचं बोलू.