मोसंबीच्या सालीनं निळा रंग गेला, मग लाल का गेला नाही?

प्रश्न : मी इचलकरंजीत राहते, बारावी सायन्सला आहे. ज्यूस सेंटरवरून मोसंबीच्या साली आणल्या, वाळवून दळल्या आणि ती पूड मिथिलीन ब्लूच्या पाण्यात टाकली. तासाभरात पाणी जवळजवळ नितळ झालं. प्रदर्शनात पहिला नंबर आला. मग मामा ज्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला आहेत तिथलं लाल पाणी आणून त्यात तीच पूड टाकली. लाल रंग हलला नाही, उलट पाणी आणखी गढूळ आणि पिवळट झालं. माझा प्रकल्प खोटाच होता का? मला याच विषयात पुढं जायचं होतं. बाबा म्हणतात, कॉम्प्युटर घे, सालपटांत कसलं करिअर! सर म्हणतात, पेटंट घे. मी काय करू?

उत्तर : प्रकल्प खोटा नव्हता. अर्धा होता, आणि उरलेला अर्धा तू मामांच्या कारखान्यातून बाटलीत भरून आणलास. बहुतेक मुलं बक्षीस मिळालं की तिथंच थांबतात. तू थांबली नाहीस, म्हणून तुला जरा सविस्तर लिहितोय.

आधी लाल पाण्याचं बघू. मिथिलीन ब्लू हा धनभारित रंग. सालीतल्या पेक्टिन या चिकट घटकावर कार्बोक्सिल गट असतात, ते पाण्यात ऋणभारित होतात. त्यामुळे रंग सालीला धरून बसला. अकरावीच्या रसायनशास्त्रात अधिशोषणाचा धडा झालाय तुझा, तो परत काढून वाच, आता वेगळा वाटेल. पण तुझ्या गावात रंगतं ते सुती कापड, आणि त्याला प्रामुख्यानं लागतात रिअ‍ॅक्टिव्ह रंग, जे 1956 मध्ये पहिल्यांदा बाजारात आले. त्यांच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे हे रंग स्वतःच ऋणभारित. साल आणि रंग एकमेकांना ढकलतात. त्यात ही रंगाई सोडा अ‍ॅश घालून होते, पीएच 10.5 ते 11 च्या आसपास. अशा क्षारी पाण्यात सालीतलं पेक्टिन सुटून बाहेर येतं. तुझं पिवळट पाणी बहुधा त्याचंच. रंग काढायला गेलीस आणि पाण्यात सेंद्रिय माल वाढवून आलीस. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय मालाचं माप, मोजला असतास तर तो चढलेला दिसला असता.

मिथिलीन ब्लूनं कुणी चादर रंगवत नाही. तरी या विषयावरचे शोधनिबंध उघडलेस तर केळीची साल, संत्र्याची साल, फणसाची साल, आणि समोर पुन्हा पुन्हा तोच मिथिलीन ब्लू. रंग सहज मिळतो, मोजायला सोपा, आकडे देखणे येतात. मला हे खटकतं. तुझ्या सरांनी तुला तो रंग दिला यात त्यांची चूक नाही, सगळं जग तिथूनच सुरुवात करतं. तू मात्र लाल पाण्यापासून सुरुवात कर.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पहिलं, एका बीकरमध्ये नुसतं साधं पाणी घेऊन त्यात पूड टाक. म्हणजे सालीतून स्वतःहून काय सुटतं ते कळेल. हा ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचा रंगाविना प्रयोग, प्रदर्शनातल्या प्रकल्पांत क्वचितच कुणी ठेवतं. दुसरं, पूड वापरण्याआधी गरम पाण्यानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धू. तिसरं, सरांच्या देखरेखीखाली लाल पाण्याचा पीएच 2-3 पर्यंत खाली आणून बघ. सालीवरचा ऋणभार कमी होतो आणि लाल रंग थोडाफार चिकटायला लागतो. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, कॉलेजात कलरीमीटर असेल तर त्यावर मोज. हातमोजे आणि चष्मा घाल.

समज, लाल रंग चिकटला. मग पुढचा हिशेब मांड. एक ग्रॅम सुकी पूड 20 मिलिग्रॅम रंग धरते असं धरू, पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम रंग आहे असं धरू. रोज एक लाख लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्यात 10 किलो रंग निघाला, त्याला 500 किलो सुकी पूड लागेल. ताज्या सालीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे रोज दोन-अडीच टन ओल्या साली. त्या गोळा कोण करणार, पावसाळ्यात वाळवणार कुठे? आणि संध्याकाळी जी 500 किलो रंगीत पूड उरेल तिचं काय? रंग नाहीसा झालेला नाही, त्यानं फक्त जागा बदललीय. ती पूड शेतात टाकता येत नाही. रंगाईच्या ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, निघणारा गाळ घातक कचऱ्यात मोजतात आणि रांजणगावसारख्या ठिकाणच्या केंद्रात पैसे मोजून पाठवावा लागतो. ही पूडही त्याच रांगेत. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत गडद छटांना लिटरमागे 50 ते 80 ग्रॅम मीठ पडतं. साल मिठाला हातही लावत नाही, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) होता तिथंच राहतो. तमिळनाडूत तिरुप्पूरचे रंगाई कारखाने जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं बंद करायला लावले, त्या प्रकरणात ही क्षारताच मोठा मुद्दा होती.

सालीवर रासायनिक प्रक्रिया करून तिला धनभारित करता येतं, मग ती लाल रंग पकडते. जाळून सक्रिय कोळसाही करता येतो. पण कोळसाच करायचा तर नारळाच्या करवंटीचा कोळसा आधीपासून बाजारात मुरलेला आहे, मोसंबीला त्याच्याशी भावात टक्कर द्यावी लागेल. माझं मत विचारशील तर मोठ्या प्रोसेस हाऊसला कच्ची साल कामाची नाही. हातानं थोडं सूत रंगवणाऱ्या लहान कारागिरांना कदाचित असेल.

वरच्या उताऱ्यात तू पीएच, वस्तुमानाचा हिशेब, गाळाची विल्हेवाट, खर्च आणि कायदा या सगळ्यांतून गेलीस. हे सगळं रोज करणारी माणसं असतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. प्रोसेस हाऊसच्या ईटीपीवरचा केमिस्ट, सामायिक प्रक्रिया केंद्र चालवणारे इंजिनिअर, आरओ आणि बाष्पीभवनाची यंत्रणा बसवणाऱ्या कंपन्या, रंग आणि ऑक्झिलरी (रंगाईची पूरक रसायनं) बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि परदेशी ब्रँडना माल देणाऱ्या कारखान्यांची रसायनं तपासणारे लोक. यातलं शेवटचं काम अलीकडे वाढतंय, कारण निर्यातदारांना आता कापडाबरोबर सांडपाण्याचे अहवालही द्यावे लागतात.

पदवी कुठली घ्यायची? नावात ‘पर्यावरण’ आहे म्हणून प्रवेश घेऊ नकोस. पाया पक्का करणारी शाखा घे, सांडपाणी नंतर शिकता येतं. माझी पहिली पसंती केमिकल इंजिनिअरिंग. मुंबईत माटुंग्याची आयसीटी, नागपूरची एलआयटी ही यातली जुनी नावं. कापडाचीच ओढ असेल तर आयसीटीत तंतू आणि वस्त्रप्रक्रिया हा बी.टेक.चा वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि डीकेटीई हे कॉलेज तर तुझ्या गावातच आहे. घरून जाऊन शिकता येतं हा मुद्दा बाबांपुढे ठेवायला विसरू नकोस. दोन्हीकडची दारं एमएचटी-सीईटीनं उघडतात, जेईईही देऊन ठेव. पुढं गेटमध्ये 2021 पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, त्यातून आयआयटीत एम.टेक. करता येतं. इंजिनिअरिंग नको असेल तर बी.एस्सी. रसायनशास्त्र, मग जॅम या प्रवेशपरीक्षेतून आयआयटीत किंवा शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी., आणि संशोधनाची गोडी टिकली तर नागपूरच्या नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था. हा रस्ता लांब आहे आणि पैसा उशिरा येतो, पण तुझ्या पत्रातला स्वभाव मला इकडचाही वाटतो.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांना साधारणपणे जास्त मिळतो आणि ईटीपीवरचा नवा केमिस्ट वासात, आवाजात, रात्रपाळीत उभा असतो, हे खरं आहे. त्यांना तसं स्पष्ट मान्य करून सांग. पण तुझ्या अख्ख्या पत्रात कॉम्प्युटरबद्दल आवडीचं एक वाक्य नाही, आणि न आवडणाऱ्या शाखेत चार वर्षं काढलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा पगाराचा मुद्दा कुणी काढत नाही. मामांना सांगून बाबांसह एकदा ईटीपी बघून या. ते चालवणाऱ्या माणसाला विचारा की तो काय शिकला, किती वर्षांत कुठवर आला, आणि परत निवडायचं झालं तर हेच निवडेल का. माझ्यापेक्षा त्याचं उत्तर बाबांना जास्त पटेल, आणि ते तुझ्या विरोधात गेलं तरी ऐकून घे.

पेटंटचं तूर्त डोक्यातून काढ. पेटंटला नावीन्य लागतं आणि मोसंबीच्या सालीनं रंग शोषला जातो हे जगाला केव्हाच माहीत आहे. शिवाय जे प्रदर्शनात सगळ्यांसमोर मांडलं ते नवं राहत नाही. अर्ज, फी आणि वकील यांत घरचे पैसे घालवण्यापेक्षा त्यात सीईटीचा एक चांगला प्रश्नसंच येतो. लाल पाण्याचे तीन बीकर मात्र बोर्डाची परीक्षा झाल्यावर लाव, आधी नको. केमिस्ट्री आणि मॅथ्सचा आत्ता कच्चा राहिलेला अभ्यास सीईटीत, म्हणजेच आयसीटीच्या कटऑफला, महागात पडेल.