‘कोड कमेंट करणे’ की ‘कोड बंद ठेवणे’?

नाशिकमध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, प्रोग्रॅममधील काही ओळी तात्पुरत्या चालू नयेत म्हणून त्यांच्यापुढे # हे चिन्ह लावतात, बोलताना जिला ‘कमेंट करणे’ म्हणतात त्या क्रियेला मराठी टिपणांत काय म्हणावे. ‘टिप्पणी करणे’ लिहिले, तर मुले त्या ओळींविषयी काहीतरी लिहायला घेतात; म्हणून त्यांनी ‘गाळणे’ सुचवले आहे.

मुलांचे चुकत नाही. ‘फंक्शनवर कमेंट केली’ आणि ‘फंक्शन कमेंट केले’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत (फंक्शन म्हणजे एखादे ठरावीक काम करणारा, नाव दिलेला कोडचा भाग). पहिल्यात क्रियापद स्त्रीलिंगी ‘कमेंट’प्रमाणे चालते, म्हणजे फंक्शन चालूच आहे आणि त्याविषयी कोणी काही लिहिले आहे, दुसऱ्यात ते नपुंसकलिंगी ‘फंक्शन’प्रमाणे चालते, म्हणजे कृती फंक्शनवरच झाली आणि ते थांबले. बोलणाऱ्यांनी कोणी न शिकवता एवढा भेद एका ‘वर’ने साधला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ‘टिप्पणी’ घेतली की तो हरवतो, कारण ‘फंक्शन टिप्पणी केले’ असे मराठीत कोणी म्हणत नाही.

‘गाळणे’ मात्र नको. द्राक्षबागेत छाटलेली काडी वेलीवर परत येत नाही. इथे ओळ फाइलमध्येच असते आणि # काढला की पूर्ववत चालते.

मी ‘बंद ठेवणे’ सुचवेन. ‘पाटाचे पाणी बंद ठेवले आहे’ म्हटल्यावर गंगापूर धरणाखालच्या कोणाही शेतकऱ्याला पाट बुजवला असे वाटत नाही. पुन्हा सोडण्याचा हेतू त्या ‘ठेवणे’मध्येच आहे.

शिवाय ‘कमेंट’ हे साधनाचे नाव आहे आणि पायथनमध्ये साधने एकाहून अधिक आहेत. अनेक ओळींच्या कमेंटसाठी तिथे वेगळे चिन्ह नसल्यामुळे प्रत्येक ओळीला # लावतात किंवा सगळा भाग तिहेरी अवतरणचिन्हांत घालतात, पण तिहेरी अवतरणांतला मजकूर ही कमेंट नसून स्ट्रिंग, म्हणजे प्रोग्रॅमचाच भाग असलेला अक्षरांचा मजकूर, असते. ‘इफ’ या अटीखालच्या सगळ्या ओळींना # लावला, तर तो भाग रिकामा ठरून चूक दाखवली जाते आणि तिथे ‘पास’ हे काहीच न करणारे विधान लिहावे लागते. त्याच ओळी योग्य समास सोडून तिहेरी अवतरणांत घातल्या, तर स्ट्रिंग हेच एक विधान धरले जाते आणि प्रोग्रॅम चालतो. ‘# लावून बंद ठेवा’, ‘तिहेरी अवतरणांत घालून बंद ठेवा’ असे लिहिल्यास दोन्ही रीती नेमक्या सांगता येतात, उलट क्रियेला ‘चालू करणे’ पुरते, आणि ‘टिप्पणी’ हा शब्द कोडविषयीच्या खऱ्या स्पष्टीकरणासाठी मोकळा राहतो.