प्रगत बीजगणिताच्या वर्गात नेमकं काय शिकवतात आणि अभ्यास किती करावा लागतो?

नव्या प्रकरणांना घाबरू नका, बहुतेकांचं घोडं जुन्याच गोष्टींत अडतं. अवयव पाडणं, अपूर्णांकांची बेरीज, कंस सोडवताना ऋण चिन्ह आत नेणं, हे सगळं हातचा मळ असल्यासारखं यायला हवं. त्यासाठी पुन्हा कोणी थांबत नाही.

पुढे बहुपदी, घातांक, लॉगरिदम, संमिश्र संख्या, श्रेढी, फलनं (एक किंमत आत घातली की ठरलेली एकच किंमत बाहेर देणारे नियम) आणि त्यांचे आलेख असा पसारा असतो. फलन डोक्यात नीट बसलं की बाकीचं बरंच सोपं जातं.

खरा फरक अपेक्षेत आहे. नुसतं उत्तर चालत नाही, ते का बरोबर हे दाखवावं लागतं. हे समीकरण घ्या: √(क्ष + ३) = क्ष − ३. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ७क्ष + ६ = ०, म्हणजे क्ष = ६ किंवा १. इथेच अनेक जण पेन खाली ठेवतात. आता १ ही किंमत मूळ समीकरणात घालून बघा: डावीकडे २, उजवीकडे −२! वर्ग करताना चिन्ह पुसलं गेलं आणि एक खोटं उत्तर आत घुसलं. खरं उत्तर फक्त ६. ही पडताळणी गाळली तर गुण जातात (जायलाच हवेत, असं माझं मत).

गृहपाठ रोजचा रोज करा. आठवड्याचा साठवून रविवारी उरकायचा बेत फसतो, कारण आजचं कालच्यावर उभं असतं. अडलेल्या गणिताशी मात्र तासभर झुंजू नका. पंधरा-वीस मिनिटं झटा, कुठल्या पायरीवर अडलं ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना नेमकं तेवढंच विचारा.