वाचकांचे प्रश्न : डंख झालेला पफर मासा

प्रश्न : आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील पफर मासा सी अ‍ॅनिमोनला (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याला) घासला. तेव्हापासून त्याच्या कुशीवर पांढुरका चट्टा आहे, तो तळाशी बसून राहतो आणि काहीही खात नाही. कोणते औषध घालावे?

उत्तर : औषधाची घाई कृपया करू नका. अ‍ॅनिमोनच्या स्पर्शिकांवर असंख्य सूक्ष्म दंशपेशी असतात. स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू त्वचेत घुसतात आणि पफरच्या अंगावर इतर माशांसारखे खवल्यांचे चिलखत नसल्याने त्याला इजा लवकर होते. जखम भरून येते ती मुख्यतः स्वच्छ पाण्यामुळे, म्हणून अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या मलमूत्रातून पाण्यात साचणारी विषारी द्रव्ये) शून्य आहेत ना, हे रोज तपासा, थोडे थोडे पाणी बदला आणि तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर ठेवा. तांबेयुक्त औषधे पफरला फार बाधतात, ती टाळाच. एरवी धडधाकट असलेला मासा काही दिवस उपाशी राहिला तरी तग धरतो, तेव्हा न खाल्लेले तुकडे लगेच काढून टाका आणि तो सावरू लागला की सोललेल्या कोळंबीचा लहानसा तुकडा चिमट्याने तोंडापुढे धरून पाहा. त्याला हलवावे लागलेच, तर जाळीने पाण्याबाहेर काढू नका, कारण घाबरून फुगताना हवा पोटात गेली तर ती बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. भांडे पाण्यात बुडवून त्यातूनच न्या. चट्ट्याच्या कडा लाल झाल्या, कापसासारखी बुरशी दिसली किंवा श्वास जलद होऊ लागला, तर मात्र माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना त्वरित दाखवा. अ‍ॅनिमोन दुसऱ्या टाकीत हलवणे, हेच माझ्या मते दोघांच्याही हिताचे आहे, कारण पफर त्याचे लचके तोडण्याचीही शक्यता असते.