कुत्रीच्या खेळण्यावर रक्त दिसलं, पण ती नीट जेवते आहे. थांबून पाहावं का?

तुमची कुत्री दोन वर्षांची आहे म्हणताय, म्हणजे थांबू नका. चार ते सात महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडत असतात, तेव्हा खेळण्यावर थोडं रक्त दिसणं साहजिक. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत तोंडात कुठे लागलंय ते शोधायलाच हवं.

आणि ‘जेवते आहे’ यावर अजिबात विसंबू नका. आमचा शेरू कडक नायलॉनचं हाड तासन्‌तास चावायचा. एकदा त्यावर रक्त दिसलं, पण जेवण नेहमीसारखं होतं म्हणून मी सोडून दिलं. काही आठवड्यांनी त्याच्या डोळ्याखाली गाठ आली. मला वाटलं, काहीतरी चावलं असेल. डॉक्टरांनी नुसता ओठ वर उचलला आणि दाखवलं: वरच्या सगळ्यात मोठ्या दाढेची बाहेरची कपची उडालेली, आणि तुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. दाढेची नस उघडी पडून आत पू झाला होता. या दाढेची मुळं डोळ्याच्या खालीच असतात, म्हणून सूज तिथे दिसते. भूल देऊन दाढ काढावी लागली. इतके दिवस तो दुसऱ्या बाजूने चावून जेवत होता. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

तेव्हा आजच, ती शांत असताना, दोन्ही बाजूंचे ओठ उचलून बघा. त्यासाठी जबडा उघडावा लागत नाही. डाव्या-उजव्या दाढा ताडून पाहा. तुटलेल्या जागी गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला तर नस उघडी पडली आहे. उघडू दिलं तर जिभेखाली आणि टाळूवरही नजर टाका. काठीचा तुकडा वरच्या दाढांमध्ये आडवा अडकतो. चावायला आली तर जबरदस्ती नको, दुखत असेल बिचारीला.

दोरीच्या खेळण्याचा धागा जिभेच्या मुळाशी गुंडाळलेला दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यापर्यंत गेलेलं असू शकतं, आणि ओढलं तर आतडं कापलं जातं. एकच भोक असलेल्या पोकळ चेंडूत जीभ ओढली जाऊन अडकते आणि सुजते. तसं झालं तर तडक दवाखाना गाठा. आपल्या घरातली वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषासारखी बाधू शकतात.

खेळणं घेताना मी आता अंगठ्याचं नख रोवून बघतो. नख रुतलं नाही तर ते दाढेला कडक. शिंगं, खूर, वाळलेली हाडं यातच आली.

डॉक्टरांकडे जाताना ते खेळणंही सोबत न्या. त्याचा तुकडा गायब असेल तर पोटाचा एक्स-रे काढायचा का, हे त्यांना ठरवता येईल.