ट्रेस फॉसिल म्हणजे अवशेष नव्हे, माग

प्रश्न असा होता की ट्रेस फॉसिलला मराठीत ‘अवशेष जीवाश्म’ म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर नाही, अर्थ पार उलटा होतो. अवशेष म्हणजे जे उरलं ते, हाड, दात, शिंपला, म्हणजे प्राण्याचं अंगच, आणि ट्रेस फॉसिलमध्ये नेमकं तेच नसतं, असते ती तो चालला, बीळ केलं, चिखलात चरला याची खूण.

आपल्याकडे आयता शब्द आहे की, माग! जंगलात वाघाचा माग काढणारा नुसता पंजा बघत नाही, झाडावरचे नखांचे ओरखडे बघतो, विष्ठा बघतो, आणि वाघ तर समोर नसतोच. असल्या खुणांच्या शास्त्राचं नाव इक्नॉलॉजी, त्यातला ग्रीक ‘इक्नॉस’ म्हणजे पाऊलखूण, मागच.

कोकणात ओहोटीला ओल्या वाळूवर बघा, बारीक खेकड्यांच्या बिळाभोवती वाळूच्या इवल्या गोळ्यांची नक्षी असते. खेकडा आत दडलेला, पण तो इथे चरलाय हे कळतं. भरती आली की सगळं पुसतं, पण अशी एखादी खूण गाळाखाली दबून दगडात टिकली की झालं ट्रेस फॉसिल. भूगर्भवाल्यांना याचं मोल का, तर शिंपला लाटांबरोबर कुठेही वाहत जातो, बीळ जिथलं तिथेच राहतं, त्यामुळे तेव्हा तिथे पाणी उथळ होतं की खोल, खवळलेलं की शांत, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. कँब्रियन म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला भूगर्भीय काळ, त्याची सुरुवातसुद्धा १९९२ साली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेडला ठरली ती कुठल्या हाडावर नाही, ट्रेप्टिक्नस पेडम नावाच्या बिळावर, नावातच ‘इक्नस’ आहे बघा.

आणि नाव मागाला असतं, प्राण्याला नाही. ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातला एक नामशेष झालेला कवचवाला प्राणी, सरपटत गेला तर ती खूण क्रुझियाना, बसून राहिला तर रुसोफायकस. यातलं ‘फायकस’ म्हणजे समुद्रशेवाळ, कारण आधी लोकांना असल्या खुणा वनस्पतीच वाटायच्या, चूक कळली पण नाव राहिलं. म्हणून तर आपण पहिल्यापासून नीट शब्द घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

‘माग-जीवाश्म’ म्हणा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातली दगड झालेली विष्ठा सापडते, तिच्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले हे २००५ मध्ये छापून आलं, आणि गवत तेव्हाही होतं हे कळलं. तीही ट्रेस फॉसिलमध्येच धरतात. ‘पाऊलखूण’ म्हटलं तर ती बाहेर राहते, ‘माग’ म्हटलं की आत येते.